परीक्षानळीतला प्रश्न

शनिवार, १ नोव्हेंबर १८४५. लंडनमधले नामवंत डॉक्टर थॉमस वॉटसन यांनी एका रुग्णाची लघवी परीक्षानळीत भरली, सोबत छोटीशी चिठ्ठी लिहिली आणि ती हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवून दिली. बेन्स जोन्स तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते. जर्मनीत लीबिग यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे लघवीतल्या द्रव्यांचं कोडं पडलं की शहरातले वैद्य त्यांचं दार ठोठावत. वॉटसननी लिहिलं होतं, की ही लघवी फार जड आहे, उकळली तर जराशी गढुळते, नायट्रिक ॲसिड घातलं की फसफसून लालसर आणि मग स्वच्छ होते, थंड झाली की घट्ट होते आणि पुन्हा तापवली की पातळ. हे नेमकं आहे तरी काय, एवढाच त्यांचा सवाल होता.

ही लघवी होती थॉमस अलेक्झांडर मॅकबीन यांची. वय पंचेचाळीस, लंडनमधले सचोटीचे किराणा व्यापारी. त्यांचं दुखणं वर्षभर आधी सुरू झालं होतं. सप्टेंबर १८४४ मध्ये सहलीला गेले असताना एका भुयारातून उडी मारून वर येताना छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. इतकी कळ आली की काही मिनिटं जागचं हलता येईना. डॉक्टरांनी छातीवर घट्ट पट्टी चिकटवली, आराम पडला. तीन-चार आठवड्यांत दुखणं परतलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रक्त काढलं, जळवा लावल्या, त्यानं दुखणं हटलं नाही, अशक्तपणा तेवढा वाढला. पुढल्या वसंतात कळ बरगडीच्या उजव्या बाजूला सरकली. या वेळी तुंबड्या लावल्या. मग लोह आणि क्विनीन दिलं, तर गडी असा सावरला की उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या टेकड्यांवर सोबत्यांच्या बरोबरीनं चढउतार करून आला.

मधलं हे बरं वाटणं मला या साऱ्या हकिगतीत फार मोलाचं वाटतं. त्यांना झालेला मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला कर्करोग, माणसाला असाच फसवतो. पोखरलेली बरगडी मोडते, काही आठवड्यांत जशीतशी जुळते, कळ ओसरते आणि घरादाराला वाटतं की औषध लागू पडलं. पुढची कळ दुसऱ्याच ठिकाणी उठते, म्हणून ती वेगळं दुखणं ठरते. छातीचं एक, बरगडीचं दुसरं, कंबरेचं तिसरं. तिन्हींच्या मुळाशी एकच आजार आहे, हे ओळखायला एखाद्यानं सगळ्या तक्रारी एका कागदावर मांडाव्या लागतात. मॅकबीन यांच्या बाबतीत ते काम डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी केलं. ऑक्टोबर १८४५ च्या अखेरीस वॉटसनबरोबर ते रुग्णाला पाहायला गेले, तोवर कंबरेत आणि मांडीत असह्य कळा सुरू झाल्या होत्या. अंगावर सूज दिसली म्हणून मॅकिंटायर यांनी लघवी तपासली आणि तापवताना विरघळणारं, थंड होताना साकळणारं ते विचित्र द्रव्य त्यांच्या नजरेस पडलं.

ते विचित्र का, तर अंड्याचा पांढरा भाग एकदा उकडला की पुन्हा पातळ होत नाही. लघवीतून जाणारं नेहमीचं अल्ब्युमिनही तसंच, तापवलं की गोठतं आणि गोठलेलंच राहतं. इथे मात्र उलटच चाललं होतं. बेन्स जोन्स यांनी मोजदाद केली. लघवीच्या हजार भागांत हे द्रव्य जवळजवळ ६७ भाग भरलं. निरोगी रक्तात जितकं अल्ब्युमिन असतं, साधारण तितकं हा माणूस लघवीवाटे गमावत होता. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन वारले. शवविच्छेदनात बरगड्या इतक्या मऊ निघाल्या की सुरीनं सहज कापल्या जात होत्या. मूत्रपिंडं मात्र वरवर पाहता ठीक दिसली. हाडांचे तुकडे शल्यवैद्य जॉन डॅलरिंपल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातल्या मोठ्या, गोलसर पेशींचं वर्णन त्याच वर्षी छापलं.

बेन्स जोन्स यांचे लेख १८४७ आणि १८४८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाला आधीपासून पाहणाऱ्या आणि तो गुणधर्म पहिल्यांदा टिपणाऱ्या मॅकिंटायर यांचा लेख आला १८५० मध्ये. नाव चिकटलं ते ‘बेन्स जोन्स प्रथिन’ असं. मॅकिंटायर यांच्यावर हा अन्याय झाला, असं मला मनापासून वाटतं. पण बेन्स जोन्स यांनी एक गोष्ट अचूक सांगून ठेवली होती, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. हाडं मऊ पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या लघवीत हे द्रव्य शोधत जा, असं त्यांनी बजावलं होतं. प्रयोगशाळेतल्या रसायनावरून शरीरात दडलेला कर्करोग ओळखण्याचा हा जगातला पहिला मार्ग ठरला.

त्याच १८४५ साली मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. आपल्या नगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, अमेरिकन मराठी मिशनची शाळा-छापखान्याची धामधूम होती, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच सुरू झाला होता आणि सिंथिया फॅरार मुलींना शिकवत होत्या. वेशीबाहेरच्या सावेडीत तेव्हा शेतं होती. आमच्या गावशिवारातही त्या काळी कुणाचं तरी कंबरडं असंच मोडलं असेल, कुणी तरी अंथरुणाला खिळून गेलं असेल. पण त्यांची लघवी परीक्षानळीत भरून, हे काय आहे असं विचारणारं कुणी नव्हतं. इतिहासात नोंद उरते ती प्रश्न विचारला गेलेल्यांचीच.

मॅकबीन हे छापील नोंद झालेले पहिले रुग्ण मात्र नव्हेत. लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात एप्रिल १८४४ मध्ये सारा न्यूबरी नावाची ३९ वर्षांची बाई दाखल झाली होती. चार वर्षांपूर्वी वाकताना पाठीत कळ आली, ती गेलीच नाही. एकदा नवऱ्यानं तिला उचलून बिछान्यावर नेलं, तर तेवढ्यानं मांडीची हाडं मोडली. रुग्णालयात तिला द्यायला वाइन, अरारूट, संत्र्याची साल आणि रेवंदचिनी याखेरीज फारसं काही नव्हतं. काही दिवसांतच ती गेली. सॅम्युएल सॉली या शल्यवैद्यांनी तिची हाडं उघडली तेव्हा आतल्या मगजाच्या जागी तांबडा लगदा भरलेला होता. नवऱ्याच्या हातांत, केवळ उचलताना हाड मोडावं, ही नोंद वाचताना आजही काळजात चर्र होतं. मायलोमाच्या रुग्णाला खाटेवरून उठवताना, कुशीवर वळवताना किती जपायचं असतं, ते कुठल्याही सूचनापत्रकापेक्षा साराची हकिगत नीट सांगते.

पुढची कित्येक दशकं आजार तुकड्यातुकड्यांत कळत गेला. १८७३ मध्ये रुस्तित्स्की यांनी हाडांमध्ये अनेक ठिकाणी वाढणाऱ्या या गाठींना मल्टिपल मायलोमा असं नाव दिलं. १८८९ मध्ये प्रागच्या ओटो काहलर यांनी लोस नावाच्या एका डॉक्टर रुग्णाचं आठ वर्षांचं दुखणं सविस्तर लिहिलं. बरगड्यांच्या कळा, पुन्हा पुन्हा होणारे छातीचे संसर्ग, फिकटपणा, लघवीतलं ते प्रथिन आणि हळूहळू खुजी होत गेलेली, पाठीत वाकलेली देहयष्टी, असा सगळा पट एकाच माणसात त्यांनी दाखवला. १९०० मध्ये जेम्स होमर राइट यांनी दाखवून दिलं की या गाठी प्लाझ्मा पेशींच्या आहेत. क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले होते, त्यामुळे लवकरच कवटीतली आणि मणक्यांतली भोकं जिवंत माणसात दिसू लागली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस रशियात अरिंकिन यांनी छातीच्या मधल्या हाडात सुई घालून मगज काढण्याची रीत बसवली. त्याआधी या आजाराची खात्री बहुतेक मेल्यानंतरच होत असे.

मग आलं वीजप्रवाहाचं तंत्र. स्वीडनच्या टिसेलियस यांनी १९३७ मध्ये रक्तातली प्रथिनं विद्युतप्रवाहात पळवून एकमेकांपासून वेगळी करून दाखवली. दोनच वर्षांत मायलोमाच्या रुग्णांच्या रक्तात एक निमुळता, उंच सुळका दिसला. निरोगी माणसाच्या प्लाझ्मा पेशी नाना प्रकारच्या जंतूंसाठी नाना प्रतिपिंडं बनवतात, म्हणून आलेखात तिथे रुंद उंचवटा असतो. मायलोमात एकाच पेशीची बेसुमार पिलावळ माजते आणि ती सारी एकच निरुपयोगी प्रथिन ओतत राहते. डॉक्टर ज्याला ‘एम स्पाइक’ म्हणतात, तो हा सुळका. वॉटसनच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळालं १९६२ मध्ये. जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी सिद्ध केलं की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी पडलेली हलकी साखळी. प्रतिपिंडापासून वेगळी केलेली साखळी तापवली, तर तीही तशीच साकळली आणि उकळताना विरघळली. चिठ्ठी आणि उत्तर यांत ११७ वर्षांचं अंतर पडलं. प्रतिपिंडाच्या रचनेच्या शोधासाठी एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चं नोबेल मिळालं. त्या शोधाला मायलोमाच्या रुग्णांनी दिलेल्या रक्ताचा आणि लघवीचा मोठा आधार होता.

आता नगरच्या सावेडी उपनगराकडे येऊ. मनमाड रस्ता, प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड या भागात दवाखाने आणि लॅब आज हाकेच्या अंतरावर आहेत. राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडचे पेशंट नगरला येतात ते याच आशेनं. इथे येणारी तक्रार साधी असते. कंबर धरली, पाठ भरून आली, दम लागतो, गळून गेल्यासारखं वाटतं. जन्मभर ऊस तोडलेल्या किंवा भारे वाहिलेल्या माणसाची पाठ दुखणारच, असं तो स्वतःही म्हणतो आणि घरचेही. वेदनेच्या गोळ्या चालू होतात, त्या संपल्या की पुन्हा आणल्या जातात. हिमोग्लोबिन ९ निघतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. काही महिन्यांनी क्रिएटिनीन वाढतं, मग किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. पाठीचे कागद एका फायलीत, रक्ताचे दुसऱ्या, किडनीचे तिसऱ्या. मॅकबीन यांच्या तीन दुखण्यांसारखीच ही गत.

यात सगळ्यांत घातक काय असेल तर त्या वेदनेच्या गोळ्या. हलक्या साखळ्यांचा लोंढा मूत्रपिंडात उतरतो, तिथल्या नळ्यांमधल्या प्रथिनाशी त्याचा गोळा बनतो आणि नळ्या तुंबतात. माणूस पाणी कमी प्यायला, जुलाब झाले किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज पोटात गेली, की तुंबारा वेगानं वाढतो. काही जणांचा आजार कळतो तोच डायलिसिसच्या खाटेवर. शिवाय एक मोठी खोच आहे. लघवीत बुडवायची नेहमीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, हलक्या साखळ्या तिला दिसतच नाहीत. ‘लघवीत प्रथिन नाही’ असा रिपोर्ट हातात असतानाही ते ओंजळीनं वाहत असू शकतं. १८४५ मध्ये लघवी तापवून, थंड करून पाहणाऱ्या मॅकिंटायर यांना जे दिसलं, ते पट्टीवर विसंबलेल्या आजच्या लॅबमधून निसटू शकतं.

खुणा मात्र साध्या तपासण्यांतही असतात. ईएसआर शंभरापलीकडे जातो. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशी एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. लिव्हरच्या तपासणीत एकूण प्रथिन जास्त आणि अल्ब्युमिन कमी येतं, म्हणजे ग्लोब्युलिन वाढलेलं असतं. हा आकडा रिपोर्टवर ठळक छापलेला असतो आणि बिलिरुबिन ठीक आहे ना, एवढं पाहून फाइल मिटली जाते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखते आहे, रक्त कमी आहे आणि ग्लोब्युलिन वाढलंय, एवढं एकत्र दिसलं तर रक्ताचं प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या तपासण्या मागायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. नमुना पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवता येतो, रिपोर्ट फोनवर येतो. सुळका दिसला की पुढची पायरी रक्तविकारतज्ज्ञ आणि बोन मॅरोची तपासणी. मगजात आजारी प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा त्याहून अधिक, आणि जोडीला कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनीन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा हाडांत भोकं, यांपैकी एक जरी असलं तरी निदान पक्कं मानतात.

कॅल्शियम वाढतं ते हाडं विरघळतात म्हणून. निरोगी हाडात पोखरणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशींचा तोल असतो. मायलोमा पोखरणाऱ्यांना चेतवतो आणि भरणाऱ्यांना थोपवतो. म्हणून जुन्या पद्धतीचा बोन स्कॅन, जो हाड भरलं जाण्याची क्रिया दाखवतो, तो इथे पुष्कळदा रिकामा येतो. एमआरआय, पेट-सीटी किंवा कमी मात्रेचा सीटी स्कॅन अधिक खरं सांगतो. वाढलेल्या कॅल्शियमनं तहान, बद्धकोष्ठ, भ्रमिष्टपणा येतो आणि घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चळ लागला. मणका दबून मज्जारज्जूवर भार आला, पाय लुळे पडू लागले, लघवी अडली, तर त्या रात्रीच रुग्णालय गाठायचं असतं. सकाळ होऊ देण्याइतकाही अवधी नसतो. शिवाय खरी प्रतिपिंडं घटल्यामुळे न्यूमोनिया पुन्हा पुन्हा गाठतो. काहलर यांनी डॉ. लोस यांच्यात पाहिलेले छातीचे संसर्ग ते हेच.

उपचारांची कथा बराच काळ निराशेची होती. १९४७ मध्ये युरेथेन नावाचं औषध आलं, ते जवळजवळ वीस वर्षं दिलं गेलं आणि १९६६ मध्ये नीट तुलना केली तेव्हा कळलं की त्याचा काही उपयोगच नाही. खरा दिलासा मेल्फलाननं दिला. ब्लोखिन यांनी रशियात १९५८ मध्ये आणि बर्गसॅगेल यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये त्याचा गुण दाखवला. १९६९ पासून त्याच्या जोडीला प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड आलं. नंतर १९८३ हे साल आलं. लंडनमध्ये मॅकएल्वेन आणि पाउल्स यांनी मेल्फलानची मात्रा कितीतरी पट वाढवून आजार मुळापर्यंत मागे रेटता येतो, हे दाखवलं. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी, मगज दिला तिच्या भावानं.

टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं. तिथली विकृतिशास्त्राची परंपरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्हींवर आयुष्य वेचलेला हा मराठी संशोधक. अडवाणी यांना आठव्या वर्षी पोलिओ झाला होता. व्हीलचेअरवरून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि सिॲटलला डोनाल थॉमस यांच्याकडे प्रत्यारोपण शिकून ते मुंबईला परतले. त्या पहिल्या प्रत्यारोपणामागची धडाडी मला फार मोठी वाटते, कारण परळच्या त्या खोलीत जंतूंपासून रुग्णाला जपण्याची सोयही हळूहळू उभारावी लागली होती. मायलोमासाठी दाता लागत नाही. रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून ठेवतात, मोठ्या मात्रेत मेल्फलान देतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीनं ही रीत नेहमीच्या केमोपेक्षा सरस असल्याचं दाखवलं. आज पुण्यात-मुंबईत ती नित्याची झाली आहे.

१९९९ ची गोष्ट तर विलक्षणच. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालकं अधुऱ्या हातापायांनिशी जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून उठू लागलं. कुष्ठरोग्यांच्या वेदनादायी गाठींवर ते उपयोगी पडतं, हे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आढळलं, म्हणून ते जेमतेम टिकून राहिलं. पुढे अमेरिकेत एका रुग्णाच्या पत्नीनं हार न मानता संशोधकांना फोन करकरून नव्या उपायाचा ध्यास घेतला आणि त्यातून हे औषध मायलोमात वापरलं गेलं. सगळे उपाय थकलेल्या ८४ रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांचं ते प्रथिन घटलं. त्या अहवालाच्या पहिल्या लेखिका होत्या डॉ. सीमा सिंघल. २००३ मध्ये बोर्टेझोमिब आलं, नंतर लेनालिडोमाइड, २०१५ मध्ये डाराटुमुमॅब. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड भारतात जेनेरिक रूपात मिळू लागल्यानं ती नगर जिल्ह्यातल्या मध्यमवर्गीय घरालाही जेमतेम पेलतात; महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाच्या औषधोपचारांचा समावेश आहे. बोर्टेझोमिबबरोबर नागीण उठू नये म्हणून गोळी चालू ठेवतात आणि हाडं बळकट करणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनाआधी दात तपासून घेतात, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं.

मायलोमा मुळासकट जात नाही, पण आज अनेक रुग्ण दहा-दहा वर्षं कामाधंद्यात राहतात. निदानाची रेषाही अलीकडे सरकली आहे. मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की काहींच्या रक्तात सुळका असतो पण आजार नसतो. अशांपैकी वर्षाला साधारण एक टक्का पुढे मायलोमाकडे झुकतात. त्यापुढची, अजून त्रास न देणारी पायरी म्हणजे धुमसणारा मायलोमा; तो असेल तर पहिली पाच वर्षं हेच प्रमाण वर्षाला दहा टक्के असतं. पूर्वी यांपैकी कुणालाच हाड, किडनी किंवा रक्ताला इजा दिसेपर्यंत औषध देत नसत. २०१४ मध्ये त्याच संस्थेतले मूळचे भारतीय असलेले डॉ. विन्सेंट राजकुमार आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी नियम बदलला. मगजात ६० टक्के किंवा त्याहून अधिक आजारी पेशी, हलक्या साखळ्यांचं गुणोत्तर १०० किंवा त्याहून अधिक, किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक गाठी, यांपैकी काहीही दिसलं तर हाड किंवा किडनी जाण्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. बाकीच्यांनी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं तोच रक्ताचा आलेख काढून मागच्या आलेखाशेजारी ठेवायचा, आणि दोन्ही कागद एकाच फायलीत.